दोन खुना राहिल्यात

मोजणीच्या नोकरीत मी आजवर चार वेळा मार खाल्ला आणि दोन वेळा दिला. खाल्लेल्या चारांतले तीन बांधावर आणि एक ढाब्यावर. दिलेल्या दोनांतल्या एकाचं मला आजही काही वाटत नाही. दुसऱ्याचं वाटतं, आणि तेच इथं लिहितोय.

मी सरकारी मोजणीदार आहे. दोन शेतांमधली हद्द नकाशावरून शोधायची, जागेवर जाऊन कोपऱ्यांवर चुना टाकायचा, दगड रोवायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि अंगावरचे कपडे शाबूत असतील तर घरी यायचं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात बायको माहेरी निघून गेली तर माणूस चार दिवस दम धरतो. बांध वीतभर सरकला तर चार मिनिटं धरत नाही. मी बांधावर फुटलेली डोकी पाहिली आहेत, कोयत्यानं उतरलेला कान पाहिला आहे, सख्ख्या भावानं भावाच्या बैलाचे पाय तोडलेले पाहिले आहेत. म्हणून त्या चुना टाकलेल्या कोपऱ्यांना फार मोल. त्यांना आमच्या खात्यात खुणा म्हणतात. खुणा झाल्या की निम्मं भांडण जागच्या जागी बसतं.

हा शब्द मी कागदावर बरोबर लिहितो. तोंडानं मला तो येत नाही. माझा जन्म शिरड शहापूरच्या बाजूचा, आणि आमच्या शिवारात 'ण' उगवतच नाही. आम्ही पानी पितो, लोनी खातो, आणि कोनी वाकडं बोललं तर हानतो. नोकरी लागल्यावर प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथं पुण्याकडचा एकजण रोज जेवताना "पानी द्या हो, पानी" अशी माझी नक्कल करायचा. आठ दिवस ऐकून घेतलं. नवव्या दिवशी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की ताट खाली आणि तो ताटावर. वर म्हणालो त्या दिलेल्या दोनांतला पहिला मार हा. मला लेखी समज मिळाली, त्याचा कान दोन दिवस गुंगत राहिला, आणि 'ण' शिकायचाच नाही हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं. जिद्दीला पेटलो की मला पुढचं दिसत नाही, हे माझ्या आईनं माझ्या बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं.

आता यंत्राबद्दल. पूर्वी आम्ही साखळी ओढायचो, फळ्या मांडायचो. आता रोव्हर आलाय. माणसाहून उंच एक काठी, तिच्या शेंड्यावर पांढरं टोपडं आणि काठीच्या मध्यावर आवळलेला, हातात मावेल एवढा संगणक. टोपडं उपग्रहांशी बोलतं आणि आपण नेमके कुठं उभे आहोत ते संगणक सांगतो. या संगणकाच्या पाठीला बॅटरीची एक डबी बसते. कंपनीनं तिला काहीतरी लांबलचक नाव दिलंय, आम्ही डबीच म्हणतो. या डबीचा खटका तुटला. खटका तुटला की डबी सैल, डबी सैल की संगणक मधेच विझतो, आणि संगणक विझला की उपग्रहांशी सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून. ऑफिसातला दुसरा संच रस्त्याच्या मोजणीवर गेलेला होता. म्हणून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, म्हणून तीन दाबलं, तर हिंदी बोलणारा माणूस आला. त्यानं मशीनचा नंबर विचारला. नंबर डबीच्या पाठीवर चिकटवलेला होता आणि घामानं केव्हाच पुसला गेला होता. मग त्यानं विचारलं, डबी एकदा काढून परत लावून पाहिली का? मी म्हणालो, अरे बाबा, ती आपोआपच निघून राहिली, म्हणून तर तुला फोन केला. मग तुम्ही आत्तापर्यंत काम कसं केलं, असं त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. दो थप्पड मारे तो चलता है.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. ग्राहकाने उपकरणास मारहाण केल्याचे मान्य केले असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. मी तो मेसेज तीनदा वाचला आणि फोन भिंतीवर मारायला उचलला, पण तो माझा स्वतःचा होता म्हणून ठेवला. आमच्याकडं थापटल्याशिवाय चालतं काय? रेडिओ, पंखा, पंपाचा स्टार्टर, बैल, लेकरं. मला बापानं थापटूनच बारावी केलं.

पुढं तीन आठवडे मी फोन करत राहिलो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी रामायण पहिल्यापासून, आणि मधे लाइनवर थांबवून ठेवताना वाजणारी ती सनईची धून. ती धून ऐकली की आजही माझ्या मुठी वळतात. मी सगळ्यांना शिव्या दिल्या. एकाला म्हणालो, तू एकदा हिंगोलीला ये, तुझाच खटका मोडतो. आमच्या तक्रारीवर 'ग्राहक आक्रमक' असा शेरा त्यांनी मारून ठेवला होता, हे मला फार नंतर कळलं. तोवर मी डबी सुतळीनं आवळली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि कामं ढकलत राहिलो.

त्यात त्या बाईच्या मोजणीची तारीख आली.

गाव औंढ्याहून आत, डांबर संपल्यावर आणखी थोडं पुढं. अर्ज केलेली बाई पस्तिशीची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, एक मुलगी, ती औंढ्याला वसतिगृहात शिकायला. शेजारचं शेत मोठ्या दिराचं. भाऊ वारल्यापासून दीर दर नांगरणीला चारपाच तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, तिच्या शेतात जास्त धरत होता, आणि असं करत करत बांध तिच्या विहिरीच्या पलीकडं गेला. मग एक दिवस त्यानं आणि त्याच्या दोन तरण्याताठ्या पोरांनी तिची मोटर विहिरीतून ओढून काढली आणि वाटेवर टाकून दिली. विहीर आता आमच्या हद्दीत आहे म्हणाले. शेतात तिची हळद उभी होती, पाण्यावाचून पानं करपायला लागलेली. मोजणीच्या दोन नोटिसा दिरानं फाडल्या. तिसऱ्या वेळी सरपंचानं चार माणसांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "आज मशीन दावंल तितं माझा बांध. पन आज न्हाई झालं तर पुन्ना माझ्या दारात मोजनी नको, आन् तिनं गाव सोडायचं."

ती बाई मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं पदर कमरेला आवळलेला होता आणि त्यात विळा खोचलेला होता. नमस्कार केला नाही की चहाचं विचारलं नाही. म्हणाली, "साहेब, चार खुना करून द्या. खुना झाल्या तर मला पानी हाय. न्हाई झाल्या तर हे लोक मला जित्ती ठिवत न्हाईत. आधीच सांगून ठिवते."

माझ्याबरोबर आमचा शिपाई होता. रिटायरला दोन वर्षं राहिलेला, पांढऱ्या दाढीचा, चुन्याची गोणी खांद्यावर टाकून माझ्यापुढं चालणारा. सगळं ऑफिस त्याला चाचा म्हणतं. तो म्हणाला, "साहेब, ये औरत सच बोल रही. जल्दी निपटवा."

सकाळी रस्त्याकडच्या दोन खुणा झाल्या. दोन्हींवरून ओळ धरली तरी दिसत होतं की बांध बराच खाल्लेला आहे. दिराच्या कपाळाची शीर उठली. राहिलेल्या दोन खुणा ओढ्याकडच्या. तिथं पोचलो, काठी उभी केली, आणि डबी निसटली. परत बसवली, पाऊण तासानं जुळणी होत आली, तर परत निसटली. मी दोन टापल्या दिल्या, चार दिल्या. संगणक पेटायचा, विझायचा.

तोवर माणसं जमली होती. बाभळी छाटायच्या म्हणून आणलेल्या कुऱ्हाडी, पण एकही बाभूळ कुणी छाटत नव्हतं. दीर म्हणाला, "काहून साहेब, भावजयीनं मशीनला काही खाऊ घातलं व्हय?" ती तिथूनच ओरडली, "तुज्या मढ्याला घातलं!" थोरल्या पुतण्यानं ढेकूळ उचलून फेकलं. ते तिला लागलं नाही, माझ्या काठीला लागलं आणि टोपडं डुगडुगलं. जुन्या पद्धतीनं फळी मांडून मोजतो म्हणालो तर दीर ऐकेना. त्याला मशीनच पाहिजे होती, कारण मशीन बंद पडलेली त्याला दिसत होती.

एक उपाय मला माहीत होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका मोजणीदारानं सांगितलं होतं की कंपनीनं एक आकडा दिला तर संगणकाच्या बाजूचं भोक उघडतं आणि तो साध्या पॉवर बँकेवर चालतो. दोन मिनिटांचं काम. पॉवर बँक माझ्या पिशवीत होती. फक्त आकडा पाहिजे होता. मी फोन लावला.

पहिल्यांदाच मराठी बोलणारी बाई मिळाली. आवाज स्वच्छ, शिकलेला. "सर, आपली नेमकी अडचण सांगाल का?"

मी काय आणि कसं बोललो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण नंतर ते मला वाचून दाखवलं गेलं. मी ओरडत होतो. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला दिराच्या शिव्या.

"अडचन काय? दोन खुना सकाळी केल्या. दोन राहिल्यात. त्या आज व्हायलाच पायजेत."

"सर... काय राहिलंय?"

"खुना! खुना! मराठी समजत न्हाई का तुमाला? दोन केल्या, दोन राहिल्या. लोकं कुऱ्हाडी घेऊन हुभे हायेत हितं. एक बाई हाय, एकली. तिचं आजच निपटवायचं हाय मला. तुमी आकडा देऊन राहिल्या का न्हाई?"

ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "सर, ती बाई आत्ता कुठे आहे?"

"माझ्या म्होरंच हाय! तिच्याशी काय करायचं तुमाला? तुमी आकडा द्या!"

"सर, तुम्ही कुठल्या गावात आहात? मला नोंद करावी लागेल."

मी गाव सांगितलं. "आपण शांत व्हा. मी वरिष्ठांशी बोलते. प्लीज लाइनवर राहा." आणि सनई सुरू झाली. बरीच वाजली. मी तिला, तिच्या वरिष्ठांना आणि सनई वाजवणाऱ्याला शिव्या देत उभा होतो. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

पाऊण तासानं पोलिसांची जीप आली. जवळच चौकी होती. फौजदार उतरले, एकंदर घोळक्याकडं पाहिलं, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "खून कुणी केले?"

सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. दिरानं कुऱ्हाड पाठीमागं घेतली.

"कुटले खून?" मी विचारलं.

"दोन झालेत, दोन राहिलेत, असा फोन आलाय. शेतात एक बाई धरून ठेवलीय. हा नंबर तुमचाच ना?"

सगळ्यांत आधी कळलं ते चाचाला. तो चुन्याच्या गोणीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "साहेब, आपके खुना... खून हो गये!" मग फौजदारांना समजावून सांगितलं, तेही हसले. हवालदार हसले. दीर हसला, त्याची पोरं हसली. ज्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या ते एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले. ती बाई हसली नाही.

फौजदार डोळे पुसत म्हणाले, "चला, पण वरून आलंय हे. तुमचा जबाब घेऊन वर कळवावं लागंल. तासाभराचं काम."

मी म्हणालो, मोजणी संपवून येतो. ते म्हणाले, आत्ताच. एवढ्यात एक हवालदार माझी काठी उचलायला लागला. मशीनही बरोबर घ्या, साहेबांना दाखवू, असं काहीतरी म्हणाला. त्यानं काठी आडवी केली, सुतळी सुटली, आणि डबी दगडावर आपटून उभी चिरली.

तीन आठवड्यांची सनई, मेसेज, टापल्या, सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं. मी हवालदाराची कॉलर धरली आणि त्याच्या तोंडात मारली. टोपी उडाली त्याची. दुसरी मारायला हात उचलला तो फौजदारांनी मागून पिरगाळला. आता कुणी हसत नव्हतं. दोघांनी मला बगलेत धरून जीपकडं ओढलं.

तेव्हा ती बाई धावत आली. जीपच्या दाराला धरून म्हणाली, "साहेब, एक पोलीस तरी हितं ठिवा म्हना. तुमचं ऐकतेल ते. मला अशी टाकून जाऊ नका, साहेब."

मी तिचं बोलणं ऐकलं. सगळं ऐकलं. मी त्या वेळी हवालदाराची आई काढत होतो. मी तिला म्हणालो, "बाजूला व्हय!" फौजदारांना मी काही सांगितलं नाही. जीप वळली. मागच्या काचेतून मला चाचा दिसला, हात वर करून काहीतरी ओरडत होता.

चौकीवर माझा जबाब लिहायला दुपार गेली. त्यांनी ते फोनवरचं बोलणं कागदावर उतरवून आणलेलं होतं, आणि एका हवालदारानं ते मोठ्यानं वाचलं. हसू आवरेना म्हणून त्याला धड वाचताही येईना. खुना म्हणजे काय ते मी तीन अर्जांवर तीनदा समजावून लिहिलं. ज्याला मारलं तो गालावर हात ठेवून कोपऱ्यात बसला होता. आमच्या साहेबांनी फोनवरून मध्यस्थी केली, मी माफीचा कागद लिहून दिला, आणि उन्हं कलायला मी बाहेर पडलो. बाहेर चाचाचे आठ फोन आलेले दिसले.

शेतात काय झालं ते मला चाचानं सरकारी दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं. जीप नजरेआड होते न होते तोच दिराच्या पोरांनी सकाळच्या दोन्ही खुणांचे दगड उपटले. कुदळीनं चुना खरवडला. उपटायला तिसरा दगड रोवलेलाच नव्हता, म्हणून मग ते तिच्याकडं वळले. चाचा मधे पडला. त्याला पाठीत लाथ बसली आणि तो गोणीवर जाऊन पडला. तिनं कमरेचा विळा काढला. थोरल्या पुतण्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला तिनं. चाचा म्हणाला, "साहेब, इतका खून निकला कि चुना लाल झाला." मग दिरानं काठी घेतली. पहिला घाव तिच्या पायावर, दुसरा डोक्यावर यायला निघाला तेव्हा तिनं आडवा हात घातला. हाडं मोडल्याचा आवाज चाचाला गोणीवर पडल्या पडल्या ऐकू आला. सरपंचाच्या माणसांनी मग दिराला आवरलं. तिला मोटरसायकलवर मधे बसवून औंढ्याला आणलं, तिथून हिंगोलीला.

मी आत गेलो. ती खाटेवर पडली होती, उजवा हात फळीला बांधलेला, ओठ फुटलेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड भिंतीकडं केलं. मी तसाच बाहेर आलो. खरं सांगायचं तर मला तिथून पळून जायचं होतं.

ऑफिसात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याहून जास्त मिळालं ते हसू. जिल्हाभर गोष्ट पसरली. मी आलो की कुणीतरी विचारायचं, "साहेब, आज किती खून?" चहाच्या टपरीवर मला 'दोन खून' म्हणायला लागले. मीही हसायचो. दोनतीनदा तर मीच ती गोष्ट रंगवून सांगितली, फौजदारांच्या आवाजात, आणि लोक टाळ्या देऊन हसले. गोष्ट मी जीप वळली तिथं संपवायचो. पुढचं सांगायचो नाही. त्याची मला लाज वाटते, हवालदाराला मारल्याची वाटते त्यापेक्षा जास्त.

तीन आठवड्यांनी कुरिअरनं नवी डबी आली. वॉरंटी नाही म्हणणाऱ्या कंपनीनं, पोलिसांत प्रकरण गेल्यावर, न मागता पाठवली. खटका एकदम घट्ट. दिरावर आणि पोरांवर गुन्हा दाखल झालेला होता, ते जामिनावर बाहेर होते. मोजणी पुन्हा लागली, या वेळी पोलीस बंदोबस्तात. बंदोबस्ताला दोन हवालदार आले आणि त्यातला एक तोच निघाला.

मी त्याच्याकडं जाऊन म्हणालो, "दादा, चुकलं माझं त्या दिवशी."

तो तंबाखू मळत म्हणाला, "हात लई चालतो साहेब तुमचा. बाईला मारून राहिले तवा कुटं गेल्ता?"

मी काठी उभी केली. डबी हलली नाही. दुपारच्या आत चारही खुणा झाल्या. त्या दिवशी उपटलेल्या जागी परत दगड, परत चुना. ओढ्याकडच्या दोन खुणांवरून दोरी धरली तेव्हा विहीर पुरी नऊ फूट तिच्या हद्दीत आली. दीर घरातून बाहेर आला नाही. त्यानं सहीला नकार दिला असं मी पंचनाम्यात लिहिलं. तिची निम्मी हळद गेलेलीच होती.

ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. हाताला प्लास्टर, गळ्यातून फडक्याची झोळी. सकाळपासून ती चाचाशी दोनचार शब्द बोलली होती, माझ्याशी एकही नाही. मी बाभळीखाली बसून पंचनामा पुरा करत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"सर, बदली बॅटरी मिळाली का? आपली तक्रार बंद करायची होती."

आवाज ओळखला मी. तीन आठवडे या आवाजासाठी मी शिव्या साठवल्या होत्या. अंघोळ करताना, गाडी चालवताना, एकेक घासून ठेवलेली. हिच्यामुळं झालं सगळं, असंच मी घरी सांगत होतो. आता तोंड उघडलं तर तीच पुढं बोलायला लागली.

"सर, त्या दिवशी तुमचा कॉल मीच घेतला होता. तुम्ही खुणा म्हणत होतात हे मला नंतर कळलं. इथे सगळ्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, खूप हसले. मी फार घाबरले होते, सर. सॉरी." मग म्हणाली, "सर, एक विचारू? त्या बाई ठीक आहेत ना? नंतर काही झालं नाही ना तिथे?"

मी म्हणालो, "न्हाई, न्हाई. त्या बाईला काई झालं न्हाई. तुमी बंद करा तक्रार."

विचार करून बोललो नाही मी. सरकारी नोकरीत हे वाक्य तोंडात तयारच असतं. मान वर केली तर ती बाई कठड्यावरून उठून माझ्यासमोर उभी होती. बाभळीपासून विहीर काही लांब नव्हती. तिनं डावा हात पुढं केला. मी फोन दिला.

"बाई," ती म्हणाली, "मी तीच बोलून राहिले. झालं, बाई. माजा हात मोडला. त्या दिवशी तुमी पोलीस धाडले व्हते, आले व्हते ते. पन ते साहेबाला घेऊन गेले."

पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ ऐकत होती. मधे एकदा तिनं खांद्यानं डोळा पुसला, फोन कानावरून न काढता.

"न्हाई, बाई, तुमचं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "ती बाई कुटं हाय म्हनून तुमी तरी इचारलं."

मग तिनं फोन माझ्या मांडीवरच्या कागदांवर ठेवला, आणि डाव्या हातानं सही चालंल का, अन् करायची कुठं, ते चाचाला विचारलं.